खारेकाका

त्यांचं खरं आडनाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावाने त्यांना गावात पोस्टमनशिवाय कोणी ओळखत नाही. गणपतीपुळ्यात ते खारेकाका. बाहेरगावचा माणूस हटकून 'खरेकाका' असं ऐकतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यात खऱ्यांना तोटा नसल्यामुळे त्याला संशयही येत नाही. मग काकू दारातूनच दुरुस्ती करतात, "खरे नव्हेत हो, खारे. खाऱ्या पाण्याचे."

माझा गडगा त्यांच्या गडग्याला लागून. मी पर्यटकांना दोन खोल्या देतो. दोन्ही खोल्यांतून माडांच्या फटीतून समुद्र दिसतो आणि त्या फटीचे मी वेगळे पैसे लावतो. काकांच्या ओसरीवरून तर तो अख्खा दिसतो. पण ओसरीवर समुद्राकडे बघत बसलेले काका मी गेल्या आठ वर्षांत पाहिलेले नाहीत. त्यांची आरामखुर्ची माजघरात असते. पाठ अरबी समुद्राला, तोंड टाकीला.

टाकी म्हणजे काचेची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. "एकशे नव्वद लिटर," असं मी एकदा एका पाहुण्याला सांगून बसलो, तर काका आतून म्हणाले, "दगड आणि वाळू वजा कर. निव्वळ एकशे साठ." त्या निव्वळ एकशे साठ लिटरांत राहतात कोण, तर दोन विदूषक मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि दोन शंख. या चौघांसाठी काकांनी माजघरात एक समुद्र बनवलाय आणि तो रोज सकाळी सातला मोजतात.

माझ्याकडे उतरलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी त्यांना तो प्रश्न विचारतो. मी विचारू नका म्हणून सांगतो, तरी विचारतो. "काका, एवढा समुद्र समोर असताना हे कशाला?"

काका चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "तो माझ्या ताब्यात नाही."

काका रत्नागिरीत एका बँकेत रोखपाल होते. तीस वर्षं संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय उठले नाहीत. एकदा दहा रुपयांचा फरक आला तर सगळी शाखा नऊपर्यंत बसवून ठेवली होती. शेवटी ती नोट त्यांच्याच टेबलाच्या खणाच्या फटीत सापडली, आणि तेव्हा त्यांना झालेला आनंद मुलाच्या मुंजीतही झाला नव्हता, असं काकू सांगतात. निवृत्त झाले आणि जुळवायला काही उरलं नाही. दुधाचा हिशेब दोन मिनिटांत संपायचा. मग त्यांनी काकूंच्या भाजीच्या हिशेबात लक्ष घातलं, आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी माहेरी जाण्याची भाषा केली. अशा नाजूक वेळी, २०१७ च्या मे महिन्यात, पुण्याहून सहा वर्षांची नात आली. तिने तो नीमो नावाच्या माशाचा सिनेमा पाहिला होता आणि तिला तो मासा हवा होता. नात पंधरा दिवसांनी पुण्याला गेली. आता ती चौदा वर्षांची आहे आणि मोबाइलमधून मान वर काढत नाही. टाकी मात्र राहिली.

तेव्हा मासे लगेच आलेच नाहीत. टाकीत नुसतं पाणी, वाळू आणि काकांनी पांढऱ्या सिमेंटचे स्वतः ओतलेले दगड, असं दीड महिना चाललं. वर दिवे लागलेले. गावातली माणसं येऊन रिकामी टाकी बघून, "छान आहे," म्हणून चहा पिऊन गेली. काका प्रत्येकाला समजावत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही वाईट. दुसऱ्या जातीचे त्याचा नायट्रेट करतात, तो बराचसा निरुपद्रवी. हे दोन्ही जिवाणू दगडांवर वस्तीला येऊन पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा सोडायचा नाही. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे विरजण लागायचंय." त्यानंतर काकांनीही तोच शब्द वापरायला सुरुवात केली, पण उगम सांगितला नाही.

आता मिठाचं सांगतो, कारण गावात काकांचं हसं झालं ते मिठापायी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. काका दर रविवारी सोळा लिटर पाणी बदलतात, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम मीठ. हे मीठ जर्मनीहून येतं. मुंबईला उतरतं, तिथून कुरिअरने रत्नागिरीला, तिथून एसटीच्या टपावरून इकडे. पिशवी उतरवताना आमच्याकडचा माडावर चढणारा गडी एकदा म्हणाला, "काका, येवढा दर्या हाय पुढ्यात, आन् तुम्ही मीठ इकत आणता?" माझे एक वयस्क चुलते तर फार चिडले. १९३० साली शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या आणि हा माणूस पैसे देऊन परदेशी मीठ आणतो, हे त्यांच्याच्याने बघवेना. "शिरोड्याचं का चालत नाही तुला?"

काकांनी त्यांना बसवून शिकवणी घेतली. मिठागरात पिकतं ते बव्हंशी सोडियम क्लोराइड. समुद्र म्हणजे तेवढंच नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सगळे आपापल्या हिश्शाने असतात. 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेलं, आणि डिटमार नावाच्या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ साली अहवाल छापला. समुद्र कुठलाही घ्या, खारटपणा कमी-जास्त भरेल, पण क्षारांचं एकमेकांशी प्रमाण तेच. "सगळ्या शाखांत ताळेबंद एकच!" काका म्हणाले. असा आवाज मी त्यांचा फक्त आरतीत ऐकलाय. चुलते उठताना एवढंच म्हणाले, "मग समोरच्या शाखेतनं काढ की."

काढलंही होतं. पहिल्या वर्षी जुलैमध्ये काका दोन कळशा घेऊन किनाऱ्यावर गेले. पाणी तांबडं, कारण पावसाने जांभ्याची माती धुऊन आणलेली. घरी येऊन त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर लावला. आमच्याकडे आंब्याच्या कॅनिंगवाल्यांकडे असतो तसाच, ते रसाची गोडी बघतात, काका खारटपणा. दोन थेंब काचेवर टाकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचं. आकडा पस्तिसाच्या बराच खाली. वर शास्त्री नदी जयगडच्या खाडीतून पावसाचं पाणी ओततेय, खाली ओढे-वहाळ ओततायत, त्यात मचव्यांचं डिझेल. काकांनी कळशा पोफळीच्या बुंध्याशीही ओतल्या नाहीत, परत किनाऱ्यावर नेऊन रिकाम्या केल्या. वहीत शेरा मारला: 'अरबी समुद्र. नापास.' खरं तर पावसाळा संपल्यावर, जरा आत जाऊन आणलेलं आणि गाळून, अंधारात निवळू दिलेलं पाणी चांगलं चालतं. जकार्त्याच्या ली चिन एंग नावाच्या माणसाने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला समुद्राचंच पाणी, समुद्रातलेच दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या होत्या. हे मला काकांनीच सांगितलं. पण एकदा नापास झालेल्याला पुन्हा कर्ज द्यायचं नाही, ही बँकेतली सवय.

विहिरीचं पाणीही चालत नाही, मे महिन्यात ते मचूळ होतं. म्हणून आरओचं यंत्र. ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर टाकून देतं. ते काकू पोफळींना सोडतात, आणि या सगळ्या उपद्व्यापातून घराला झालेला हा एकमेव फायदा आहे, असं त्या जाहीर बोलतात.

वही तीनशे पानी, लाल कापडी बांधणीची. तिच्यावर 'रोजकीर्द' असं लिहिलंय. रकाने तापमान, क्षारता, पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट यांचे, आणि शेवटी सही. पीएच म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा सामू, तो ८.१ ते ८.४. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास. पण काकांचा सगळा जीव अल्कलिनिटीत. "ही बघ गंगाजळी," ते सांगतात. "आम्लाचा तगादा लागला की ही पुढे होते, सामू घसरू देत नाही. गंगाजळी संपली की बँक बुडाली." कॅल्शियम आणि कार्बोनेट समोरासमोर आले की पळून जाऊन लग्न लावतात आणि त्यांची चुनखडी होऊन तळाला बसते. मॅग्नेशियम म्हणजे त्या दोघांच्या मध्ये बसणारी आत्या. ती आहे तोवर दोघं एकाच घरात राहूनही काही घडत नाही. आत्याची उपमा काकूंची, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात खोट काढता येत नाही.

अल्कलिनिटी मोजायची तर काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, रंगद्रव्याचे थेंब टाकायचे आणि मग सिरिंजने आम्ल थेंब थेंब सोडायचं. रंग पालटला की थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा वाचायचा. घरातलं भांडण नेमकं इथे होतं. काकांच्या मते जगात रंग पाच. काकूंनी चाळीस वर्षं साड्या घेतल्या आहेत.

"अजून निळाच आहे," काका.

"निळा कुठला? मोरपंखी होता, त्याचा अबोली झाला, आता राणी झालाय. थांबा."

"तांबूस छटा यायला हवी."

"आली नि गेली."

काका आणखी दोन थेंब टाकणार, मग म्हणणार, "आता झाला," आणि आकडा स्वतःचा लिहिणार. सही एकट्याची. काकू पदर खोचून उठताना दरवेळी तेच बोलायच्या, "हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आम्हाला सिरिंज न लावता कळतं." हे भांडण मी आठ वर्षं गडग्यापलीकडून ऐकलं आणि आठही वर्षं मनातून काकांची बाजू घेतली, हे इथे कबूल करून ठेवतो.

चुन्यावरून आठवलं. एके दिवशी काकांनी जाहीर केलं की आपण आता 'काल्कवासर' सुरू करतोय. जर्मन पद्धत आहे, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकदम, जोडीने राखते. बरणीत पांढरी पूड, वर नितळ पाणी. काकूंनी बरणी उजेडात धरली. "ही चुन्याची निवळी. लेकराला दात येताना देतो ती." काका काही बोलले नाहीत. नंतर मी वही पाहिली, तर 'काल्कवासर' खोडून 'निवळी' लिहिलं होतं.

ही निवळी जहाल असते, तिचा सामू बाराच्या वर. म्हणून थेंबाथेंबाने आणि रात्री सोडायची. काकांनी औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली, बरणी खुंटीला उलटी टांगली आणि नळीचं तोंड टाकीत सोडलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की काकांच्या माशाला सलाइन लावलंय. दोघी बायका नारळ घेऊन समाचाराला आल्या. काकू त्याला गळती म्हणतात, शंकराच्या पिंडीवर लावतात ती. एका रात्री या गळतीची चकती उघडी राहिली आणि दोन लिटर निवळी एका दमात टाकीत गेली. पहाटे बघतात तर टाकीत दूध. चुनखडीचा नुसता बर्फ पडत होता आणि विदूषक कोपऱ्यात तोंडं वर करून. काकांनी पाच वाजता टपरीवाल्याला उठवलं आणि सोडा मागितला. "लिंबू?" त्याने झोपेत विचारलं. "प्लेन!" काका ओरडले. एक बाटली, हळूहळू, तासभर ओतली. सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा जहालपणा मारला आणि सामू खाली आला. मासे वाचले. टपरीवाला अजून सांगतो की काकांचा मासा सोडा पितो.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर मी पहिल्यांदा हसलो आणि मग दोन दिवस हसलो नाही. या टाकीत पोवळं नाही. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम हा सगळा थाट करायचा तो पोवळ्यांसाठी. ती पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतात. पण सांगाडा बांधणारी सगळी पोवळी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या पंगतीला. मुंबईचा एक पाहुणा एकदा हळूच म्हणाला, "काका, पाहिजे तर एक तुकडा मिळवून देतो, कोणाला कळणार नाही." काकांनी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं. "तीस वर्षं नोटा मोजल्या. एक घरी आणली नाही."

मग हे सगळं कोणासाठी? दगडांवर एक गुलाबी शेवाळ वाढतं, दगडासारखं कडक. ते एका शंखाच्या पाठीवर बसून आलं. ते कॅल्शियम खातं, पण किती, तर चिमणीच्या चोचीएवढं. शंख खातात आणखी थोडं. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, एवढ्यासाठी रोज मोजायचं?" काका म्हणाले, "खातं चालू ठेवायचं असतं रे. किमान शिल्लक." मागे एकदा त्यांच्या वाचनात आलं की उद्योगधंदे वाढले तेव्हापासून सगळ्या महासागरांचा सामू सरासरी ८.२ वरून ८.१ वर आलाय, आणि ०.१ दिसायला लहान असलं तरी आम्लता त्यातून तिसेक टक्के वाढते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "एवढी मोठी शाखा," म्हणाले, "आणि रोकड कोणी जुळवत नाही."

गणपतीपुळ्यात चतुर्थीला घरोघरी मातीचा गणपती बसत नाही. अख्खा डोंगर गणपती असताना वेगळा कशाला, अशी जुनी रीत. पण चाकरमानी नातेवाईक यायचे ते येतातच. काकांकडे भाद्रपदात चौदा माणसं. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आत उदबत्त्या आणि चौदा जणांचे श्वास. सामू ८.२ चा ७.८. कारण सरळ आहे, कोंदट घरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. पण काकांनी पहिल्या वर्षी ते ज्या तऱ्हेने सोडवलं ते नातेवाईक विसरलेले नाहीत. त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, त्यात मेहुण्याचं अंथरूण भिजलं. मग पुरुषमंडळींना सांगितलं की गप्पा ओसरीवर मारा. शेवटी आरतीच्या वेळी मेहुण्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "जरा बेताने." मेहुणे घालीन लोटांगण फार वरच्या पट्टीत घेतात.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून वर सरकलं. माड कंबरेत वाकले, कौलं उडाली, वीज गेली. पंप बंद पडला की टाकीतला प्राणवायू संपत जातो, आणि खाऱ्या, कोमट पाण्यात तो मुळात कमी मावतो. बॅटरीचा पंप मध्यरात्री दमला. मग काका स्टुलावर बसले आणि मगाने पाणी उचलून वरून धार सोडू लागले. मी माझी कौलं सावरून गेलो तेव्हा काकू समईच्या उजेडात अथर्वशीर्ष म्हणत होत्या. "एका आवर्तनाला साठ मग," काका म्हणाले. "हात बदल." पहाटेपर्यंत एकवीस आवर्तनं झाली. दुसऱ्या रात्रीही तेच. माझ्या तीन खिडक्या गेल्या, मासा एकही गेला नाही.

या दोन माशांमधली मोठी ती मादी. विदूषक मासे सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा तो मादी होतो आणि पुढे तीच घर चालवते. ती गेली तर नवरा तिच्या जागी मादी होतो. हे काकांनी वाचून दाखवलं तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. "मग भाजीचा हिशेब तो बघेल," एवढंच म्हणाल्या.

काका रोज पहाटे डोंगराला प्रदक्षिणा घालतात. किलोमीटरभराच्या त्या वाटेवर समुद्र अगदी पायाशी येतो, पण काका घड्याळाकडे बघतात, कारण सातला घरी पोचायचं असतं. त्यांना मुद्दाम किनाऱ्यावर उतरलेलं मी त्या जुलैनंतर एकदाच पाहिलं. नोव्हेंबर २०२३, दिवाळी. देवमाशाचं पिल्लू वाळूत येऊन रुतलं होतं. पिल्लू म्हणायचं, पण बसएवढं. सगळं गाव, वन खातं, तटरक्षक दल, जेसीबी, दोऱ्या. दर भरतीला सगळे जोर लावत आणि ओहोटीला पुन्हा तेच. काका आले, खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, लाटेतले दोन थेंब काचेवर घेऊन सूर्याकडे धरले. "पस्तीस," म्हणाले. यंत्र खिशात टाकलं, माझ्या हातातली बादली घेतली आणि पिल्लाच्या पाठीवर पाणी ओतायला लागले. जेवायला घरी गेले नाहीत. चाळीसेक तासांनी टगने ते खोल समुद्रात ओढून नेलं. ते वाचलं नाही. रोजकीर्दीत त्या आठवड्याची पानं कोरी आहेत.

मागच्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं, पुण्याला मुलाकडे. पंधरा दिवस. टाकी माझ्याकडे आली, सोबत नऊ फुलस्केप पानांच्या सूचना, कलमं आणि पोटकलमं घालून. मी पहिलं पान वाचलं. वाफेने पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालताना फक्त गोडं पाणी, काचेवरच्या रेघेपर्यंत. ते मी रोज घातलं. खाणं चिमूटभर टाकलं. बाकी आठ पानं माझ्या पाहुण्यांच्या गडबडीत राहिली. एकदाही मोजलं नाही.

काका परतले ते हिरवा चष्मा लावून. मला धडधडत होतं. त्यांनी कपडेही न बदलता अल्कलिनिटीची नळी काढली, रंग घातला, सिरिंज घेतली. तिसऱ्याच खेपेला थांबले. नळी उजेडात धरली, चष्मा काढला, डावा डोळा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

"काय झालं?" काकू.

"याने ७.४ दिसतंय," काका नव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि याने अजून निळंच आहे."

कोणी काही बोललं नाही. मोतीबिंदू नजरेवर पिवळट पडदा धरतो, रंग मळतात, हे डॉक्टरांनी त्यांना पुण्यात सांगितलं होतं. पण ते वहीला लागू आहे हे त्यांच्या ध्यानात आता आलं. काही वर्षं ते दोन थेंब जास्त टाकत होते. रंग पालटून गेल्यावरही आम्ल सोडत होते आणि ८.३ लिहून सही करत होते. खरा आकडा कधीचाच साडेसाताच्या आत आला होता. समुद्राचा स्वतःचा आकडा असतो साताच्या आसपास. म्हणजे गंगाजळी आपली आपण समुद्राच्या हिशेबाला गेली होती, आणि मासे, शंख, गुलाबी शेवाळ सगळे खुशाल होते.

तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या रोकडीत दहा रुपयांचा फरक राहिला नाही, ते काका खुर्चीत बसले. बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "तुला कुठला दिसतोय?"

"राणी," काकू म्हणाल्या. "मघाशीच."

जुनी रोजकीर्द आता माळ्यावर आहे. तिच्या शेवटच्या पानावर 'मागील सर्व नोंदी रद्द' असं लिहून तारीख घातली आहे. नव्या वहीत एक रकाना वाढलाय, 'रंग', तो काकू भरतात. परवा मी डोकावलो तर पान उघडंच होतं. अल्कलिनिटी ७.५, कॅल्शियम ४२०, रंग राणी, सह्या दोन. पोवळं अजून नाही.